नो ग्रोथ!

आमच्या शहराचा वीकेंडचा फंडा एकदम ठरलेला. पावसाळा असेल तर म्हैसमाळ. पाहुणे आले तर वेरूळ, आणि पाहुण्यांच्या पायांत दम असेल तर वाटेत देवगिरीचा किल्ला. बाकीच्या रविवारी कॅनॉट नाहीतर निराला बाजार, आणि रात्री कुठेतरी नान-खलिया. लोणार मात्र कायम ‘जाऊ यार कधीतरी’ या खात्यात! जालना, सिंदखेडराजा करत दीडशेएक किलोमीटर. बहुतेकांचं ते शाळेच्या सहलीत एकदा उरकलेलं असतं. त्यातलं आठवतं काय, तर ‘इथे उल्का पडली होती’ हे वाक्य, पाण्याचा तो विचित्र वास आणि डब्यातला पोळीचा लाडू.

मग 2020 चा जून आला. लॉकडाऊनचे दिवस, डायनिंग टेबलावर लॅपटॉप, आणि एका सकाळी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच फोटो. लोणारचं तळं गुलाबी! फिकट-बिकट नाही, चांगलं रोझ मिल्कसारखं. आधी सगळ्यांना वाटलं, कुणीतरी फोटोशॉप केलंय. पण नासाच्या उपग्रहाने 25 मे आणि 10 जूनला टिपलेली चित्रं शेजारी-शेजारी आली. पहिल्यात हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. मग काय, थिअऱ्यांचा पाऊस! कुणी म्हणे प्रदूषण, कुणी म्हणे लाल शेवाळ, कुणी थेट लवणासुराच्या रक्तापर्यंत पोचला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेलं. वन विभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले.

उत्तर जुलैत आलं. आघारकरचे तेव्हाचे संचालक डॉ. प्रशांत ढाकेफळकर यांनी सांगितलं, की हा रंग हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. ऊन तापलं, पाणी आटलं, खारटपणा वाढला, की या मंडळींची चंगळ. ते वाढतात आणि त्यांच्या अंगातल्या गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगतं. नमुना स्थिर ठेवला तर गुलाबी गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. म्हणजे पाणी गुलाबी नव्हतंच, पाण्यात राहणारे गुलाबी होते!

त्या रात्री ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी., पुण्यात एका लॅबमध्ये सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचायचं काम करते. आमच्याकडच्या लग्नांत तिची ओळख ‘ती जंतूंचं काहीतरी करते’ अशी करून देतात.

‘‘बघितलंस का तुमचं लोणार? आणि ऐक, त्यांना बॅक्टेरिया म्हणू नकोस. आर्किया म्हण. दिसायला सारखे, पण घराणंच वेगळं.’’

‘‘वेगळं म्हणजे किती वेगळं?’’

‘‘म्हणजे बॅक्टेरियापेक्षा ते तुला जवळचे असावेत, असं बरेच जण म्हणतात.’’

लोणारच्या चिखलातले नातेवाईक! मी म्हटलं, ‘‘हे कळलं कसं?’’ त्यावर ती तासभर बोलली. त्या काळात सगळ्यांकडेच वेळ होता. ती तेव्हा जे बोलली आणि नंतर जे वाचत गेलो, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण पुढे ते घरातच कामी आलं.

जंतू ओळखायचा जुना मार्ग म्हणजे ते वाढवायचे. काचेच्या बशीत खाऊ ठेवायचा, त्यावर नमुना पसरायचा आणि वाट बघायची. 1881 च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या जर्मनीतल्या लॅबमध्ये हा खाऊ घट्ट ठेवायला जिलेटिन वापरत. उन्हाळा आला की ते वितळायचं. तिथल्या एका शास्त्रज्ञाच्या बायकोने, फॅनी हेसे यांनी, स्वयंपाकघरातला उपाय सुचवला... अगार! आपल्याकडे वाणसामानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतं ना, तेच. 1887 मध्ये पेट्री यांची झाकणवाली बशी आली आणि पुढची शंभर वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र या बशीवर चाललं. पटकी, क्षय, टायफॉइड, सगळ्यांचे चेहरे या पद्धतीने ओळखीचे झाले.

पण यात एक मोठी गोची होती. चमचाभर माती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर जंतूंची जत्रा दिसायची, आणि तीच माती बशीत पसरली तर मोजकीच मंडळी उगवायची. ढोबळ आकडा शंभरातून एक, कधी त्याहूनही कमी. बाकीचे मेलेले नसायचे. त्यांना आपला खाऊ आवडत नसे, किंवा आपलं तापमान, किंवा शेजाऱ्याशिवाय त्यांचं चालत नसे. 1985 मध्ये स्टॅली आणि कोनोप्का या दोघांनी या तफावतीला ‘ग्रेट प्लेट काउंट अ‍ॅनॉमली’ असं भारदस्त नाव दिलं. ताईच्या भाषेत सांगायचं, तर तुम्ही लग्नात फक्त बटाट्याची भाजी ठेवली आणि जेवढे जेवले तेवढेच पाहुणे आले होते असं धरलं!

रस्ता सापडला तो वेगळ्याच बाजूने. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं बनवणारा एक कारखाना असतो, रायबोसोम. बॅक्टेरिया आणि आर्किया यांच्या या कारखान्यातला एक भाग ज्या जनुकातून बनतो, त्याला ‘सिक्स्टीन एस’ म्हणतात. साधारण 1500 अक्षरांचं हे जनुक. त्यातला काही मजकूर सगळ्यांत जवळजवळ सारखा, तर काही भाग प्रत्येक घराण्यात वेगळा. म्हणजे आधार कार्डच म्हणा ना! फॉर्म सगळ्यांचा एक, नंबर ज्याचा त्याचा. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली या कारखान्यातल्या रेणूंचे तुकडे ताडून बघितले आणि जाहीर केलं, की ज्यांना आपण सरसकट बॅक्टेरिया म्हणतो त्यांत एक घराणं पूर्ण निराळं आहे. आधी मिथेन बनवणारे त्यात सापडले, मग मीठप्रेमीही त्याच घराण्यातले निघाले. हेच ते आर्किया.

मग कुणाला तरी वाटणारच होतं, की हे कार्ड वाचायला जंतू वाढवायची गरजच काय? तळ्यातलं पाणी घ्या, त्यातल्या सगळ्यांचा डीएनए एकत्र काढा, पीसीआरने फक्त सिक्स्टीन एसच्या प्रती करा, त्या वाचा आणि ओळखीच्या यादीशी जुळवा. कोण आहे, साधारण किती प्रमाणात आहे, आणि कोण कुणाच्याच यादीत नाही, सगळं बाहेर येतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे एकच जनुक न वाचता सापडेल तो सगळा डीएनए वाचायचा. 1998 मध्ये जो हँडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एकत्रित डीएनएला ‘मेटाजिनोम’ हा शब्द दिला. 2004 मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या टीमने बर्म्युडाजवळच्या सारगासो समुद्राचं पाणी असं वाचलं. किमान 1800 प्रजाती आणि 12 लाखांहून जास्त नवी जनुकं मिळाली, आणि तीही अशा पाण्यात, जे तोवर ‘गरीब’ समजलं जायचं.

यंत्रंही सुसाट धावत होती. माणसाचा पहिला जिनोम वाचायला 1990 ते 2003 इतकी वर्षं लागली. 2014 पासून स्टेपलरएवढं, लॅपटॉपच्या यूएसबीला लागणारं डीएनए वाचायचं यंत्रही शास्त्रज्ञांच्या हातात आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडे, आपल्याकडे काय? आपल्याकडे लोणार! पुण्याच्या ‘एनसीसीएस’मधल्या डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने 2006 मध्येच लोणारच्या पाण्यागाळातल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचून त्यांची यादी प्रसिद्ध केली होती. तळं गुलाबी व्हायच्या चौदा वर्षं आधी, कुठलाही फोटो व्हायरल झालेला नसताना. 2008 मध्ये आघारकरच्या शास्त्रज्ञांचा लोणारच्या बॅक्टेरियांवरचा अभ्यास आला, तो मात्र बशीत वाढवता येणाऱ्यांचा. आणि 2010 मध्ये शौचे आणि इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातले कॉलिन मरेल यांच्या टीमने जे केलं, ते मला सगळ्यांत भारी वाटतं.

प्रश्न होता, लोणारच्या गाळात मिथेन खाणारे कोण आहेत? नुसती यादी बघून हे कळत नाही. मग त्यांनी गाळाला मिथेन खायला दिला, पण खास कार्बनचा. नेहमीचा कार्बन 12 वजनाचा असतो, हा जरा जड, 13 चा. ज्यांनी तो खाल्ला त्यांच्या अंगात तो जिरला आणि त्यांचा डीएनएही जड झाला. मग सगळा डीएनए यंत्रात गरागरा फिरवायचा. जड खाली, हलका वर. खालचा वाचायचा... झालं! पंगतीत खरंच कोण जेवलं ते डीएनएच्या वजनावरून पकडलं. हजर असणं आणि काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ऑफिसात काम करणाऱ्या आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको!

आपल्या शहरातही डीएनए वाचायचं काम चालतं, बरं का. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्र आहे. हेबर्ट हे कॅनडाचे शास्त्रज्ञ. एका छोट्या जनुकावरून प्राण्याची प्रजात ओळखायची कल्पना त्यांनी 2003 मध्ये मांडली. तिथला विषय जंतूंचा नाही, पण तत्त्व तेच. चेहरा नाही, मजकूर बघायचा. लेण्यांच्या डोंगराखाली असं काही चालतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल?

हे सगळं कौतुकाने वाचत होतो तोवर ठीक होतं. मग 2022 मध्ये आईच्या मानेला गाठ आली. संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय, जेवण नको. गाठीत सुई घालून नमुना घेतला, कल्चरला पाठवला. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. छापील कागदावर दोनच शब्द... ‘नो ग्रोथ’.

घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बाबा म्हणाले, ‘‘चला, काहीच निघालं नाही. देवाची कृपा!’’ काकू पेढे आणायच्या बेतात. पण मला मात्र ताईचं लग्न आणि ती बटाट्याची भाजी आठवत होती. ‘काही वाढलं नाही’ म्हणजे ‘कोणी नाही’ असं नव्हे. डॉक्टरही तेच म्हणाले. हे कल्चर नेहमीच्या जंतूंचं आहे. क्षयाचा जंतू महा आळशी, त्याचं कल्चर वेगळं आणि ते वाढायला कित्येक आठवडे लागतात. त्यांनी त्याच नमुन्याची सीबीनॅट चाचणी सांगितली. ही चाचणी जंतू वाढवत बसत नाही, त्याचा डीएनए शोधते. दोनेक तासांची गोष्ट. निकाल, ‘डिटेक्टेड’. सोबत आणखी एक ओळ होती. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणारा बदल त्याच्या जनुकात नाही. म्हणजे नेहमीची औषधं चालणार.

सहा महिने गोळ्या. आई आता ठणठणीत आहे आणि मला पुन्हा बारीक झालास म्हणते. पण कोर्स संपताना एक प्रसंग झाला, तो मनात राहिला. मी उत्साहाने विचारलं, ‘‘डॉक्टर, पुन्हा सीबीनॅट करून खात्री करू या का?’’ ते नाही म्हणाले. ही चाचणी डीएनए बघते, आणि मेलेल्या जंतूचाही डीएनए काही काळ मागे राहतो. निकाल ‘डिटेक्टेड’ आला तरी जंतू जिवंत आहे की त्याचं नुसतं मढं, ते कळणार नाही. त्यांनी गाठ चाचपली, वजन बघितलं, भूक कशी आहे ते विचारलं. आणि बास म्हणाले.

रात्री ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘अगदी बरोबर. आम्ही वाचतो तो हजेरीपट. ते प्रगतिपुस्तक नाही रे.’’

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा हिशेब पक्का बसलाय. आमच्या ऑफिसात एकाने पोटातल्या जंतूंची तपासणी करणारं किट मागवलं. रिपोर्ट काय चकाचक! रंगीत गोल, टक्केवारी, आणि खाली ‘हे खा, ते टाळा’. हजेरीपट म्हणून मजेशीर आहे. पण निरोगी पोटाची एकच एक ठरलेली यादी कुणाकडे नाही. गाव बदललं, जेवण बदललं, की यादी बदलते. त्यावरून डाएट ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं, बॉस.

हजेरीपटाचा खरा प्रश्न मला पोटापेक्षा लोणारबाबत जास्त सतावतो. कसं ते सांगतो.

कोविडमध्ये आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून आरटी-पीसीआर करून घेतली. पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती करायला नमुना वारंवार उकळीच्या जवळ न्यावा लागतो. एवढ्या उष्णतेत आपलं कुठलंही एन्झाइम शिजून जाईल. जे टिकतं ते आलं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या एका बॅक्टेरियाकडून, थर्मस अ‍ॅक्वाटिकस. थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी 1966 मध्ये तो झऱ्यातून आणला, लॅबमध्ये वाढवला आणि जंतूंच्या संग्रहात जपायला दिला. तेव्हा त्याचा काही उपयोग होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. 1983 मध्ये कॅरी मलिस यांना पीसीआर सुचलं, आणि पुढे दोन-तीन वर्षांत या जंतूचं एन्झाइम त्यात कामाला लागलं. 1993 मध्ये मलिस यांना नोबेल मिळालं. आईची सीबीनॅटही शेवटी पीसीआरच्याच घरातली.

आता बघा. झरा होता म्हणून जंतू होता. कुणीतरी तो जिवंत आणून वाढवला, जपला, म्हणून एन्झाइम मिळालं. त्याच्या जागी यादीत नुसतं नाव असतं तर इतक्या सहज हाती काही लागलं नसतं. म्हणजे डीएनए वाचल्याने बशी निकालात निघत नाही. उलट कुणाला वाढवायचं राहिलंय, हे तिला आता कळतं.

लोणारसुद्धा असाच एक झरा आहे. बेसाल्ट खडकातलं 1.8 किलोमीटर रुंदीचं उल्काविवर, वय नव्या मोजणीनुसार पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. आटतं, आणि क्षार मागे उरतात. अभ्यासांमध्ये पीएच 10 च्या वर नोंदला गेलाय, म्हणजे साबणाच्या पाण्याच्या वरताण. अशा पाण्यात लाखो वर्षं संसार थाटणारे सूक्ष्मजीव दुसरीकडे सहज मिळत नाहीत. 2020 मध्ये तळ्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, ते चांगलंच झालं. पण गावाचं सांडपाणी तळ्यात उतरतं ही तक्रार जुनी आहे, आणि गोडं पाणी वाढलं की खारटपणा पातळ होतो. पक्षी कमी झाले तर फोटो काढणारे ओरडतील. झाडं तुटली तर गाव ओरडेल. जंतूंच्या वतीने कोण ओरडणार? ते गेले तरी पाणी तसंच दिसेल, कदाचित आपल्याला जास्तच ‘स्वच्छ’ वाटेल!

मी हे ताईला बोलून दाखवलं. ती नेहमीसारखी भावनाशून्य आवाजात म्हणाली, ‘‘म्हणून तर दरवर्षी पुन्हा वाचायचं. हजेरीपट एका दिवसाचा असला तर काही कळत नाही. दहा वर्षांचा असला, की कोण शाळा सोडून चाललाय ते दिसतं.’’

मला हे पटलं. या यंत्रांचा मोठा उपयोग नवी नावं शोधण्यात असेलही, पण लोणारला त्याहून जास्त गरज आहे ती कुणीतरी नियमित हजेरी घेण्याची, आणि नाव पुकारल्यावर उत्तर येईनासं झालं तर वेळेत सांगण्याची. 2006 ची यादी आपल्याकडे आहे, 2020 चा गुलाबी धक्काही आहे. ताडून बघायला सुरुवातीचं पान तयार आहे.

आपल्या हातात काय? फार नाही, पण आहे. लोणारला जाल तेव्हा काठावर सेल्फी जरूर काढा, पण तळ्यात हात-पाय, भांडी, कपडे धुऊ नका आणि कुणी धूत असेल तर प्रेमाने सांगा. साबण-शाम्पूची एक पुडीसुद्धा खाली नेऊ नका. गाइड घ्या. आणि सांडपाण्याचं काय झालं, हे तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा. प्रश्न विचारणारे पर्यटक वाढले की उत्तरं तयार ठेवावी लागतात.

आणि घरात कधी ‘नो ग्रोथ’ लिहिलेला कागद आला, तर पेढे आणण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा... ‘‘नेमकं कोणाला वाढवायचा प्रयत्न केला होता?’’